गंभीर ॲनिमेशनपट: ही गोष्ट चित्रांतच का सांगायची?

रानवारा

इथे सिनेमा मनापासून बघणारे पुष्कळ जण आहेत म्हणून विचारते. जी गोष्ट खरी माणसं घेऊन, खऱ्या जागी कॅमेरा लावून सांगता येते ती हजारो चित्रं काढून का सांगायची? परीकथा, बोलणारे प्राणी, राक्षस वगैरे ठीक, तिथे चित्रांशिवाय भागत नव्हतं. मी म्हणतेय ते युद्ध, भूक, निर्वासित, म्हातारपण असल्या विषयांवरच्या ॲनिमेशनपटांबद्दल.

माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आहे. १९८८ चा, जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९४५ चं कोबे शहर, अमेरिकन विमानं आगीचे बॉम्ब टाकताहेत, आई भाजून जाते, वडील नौदलात, आणि चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला घेऊन कसंबसं जगायला बघतो. शेवट लपवण्यात अर्थ नाही कारण सिनेमाच सुरुवातीला सांगून टाकतो. स्टेशनवर खांबाला टेकून सेइता मरतो आणि त्याचाच आवाज आपल्याला तारीख सांगतो, २१ सप्टेंबर १९४५. म्हणजे पुढचा दीड तास 'वाचतील का' असा प्रश्न शिल्लकच राहत नाही, आपण फक्त बघत राहायचं की हे कसकसं होत गेलं.

लोक म्हणतात चित्रांमुळे असलं दुःख जरा सुसह्य होतं. मला अगदी उलट वाटतं. खऱ्या बालकलाकाराला उपाशी बघताना माझ्या मनाचा एक कोपरा सांगत असतो की शूटिंग संपल्यावर ही घरी जाऊन जेवली असेल, आईच्या कुशीत झोपली असेल. सेत्सुकोला असं घर नाही. ती त्या कागदाबाहेर कुठेच नाही, तिला जे होतं ते पूर्णच होतं. मला पळवाट मिळत नाही.

तुम्हाला काय वाटतं? दुसरे सिनेमे, दुसरी मतं, सगळं येऊ द्या.

गिरगावकर

प्रश्न चांगला आहे पण मला हे पटत नाही. मी तो सिनेमा पाहिलाय, पूर्ण पाहिलाय, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्याचं देखणेपण. गवत सुंदर, पाणी सुंदर, संध्याकाळचं आभाळ सुंदर, आणि त्यात एक मूल भुकेने मरतंय. भूक इतकी देखणी का दाखवायची? शिवाय ते मोठाले डोळे. उपासमार झालेल्या माणसाचा चेहरा मी एका दुष्काळाच्या फोटोत पाहिलाय, त्यात जे असतं ते कुठल्याही पेन्सिलीतून येणार नाही. ह्याच कथेवर जपानमध्ये २००५ साली टीव्हीसाठी आणि २००८ साली थिएटरसाठी खऱ्या नटांना घेऊन सिनेमे झालेत, म्हणजे चित्रांतच सांगावी लागते असं काही नाही.

शेवंती

रानवारा, शेवटच्या दोन ओळींना पूर्ण अनुमोदन. पळवाट मिळत नाही हे अगदी खरं. मी पुन्हा बघायचं धाडस केलेलं नाही.

पेन्सिलटोक

मी ह्याच धंद्यात आहे, टूडी म्हणजे सपाट चित्रांचं ॲनिमेशन करतो, जाहिराती आणि लहान मुलांच्या सीरिज. त्यामुळे थोडं कारागिरीबद्दल लिहितो, मग गिरगावकरांच्या मुद्द्याकडे येतो.

सेकंदाला चोवीस फ्रेम. हाताने काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरायचं, त्याला आम्ही 'टूज'वर काढणं म्हणतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. नव्वद मिनिटांचा हिशोब केला तर चौसष्ट हजार आठशे होतात, आणि तेही पडद्यावर एका वेळी एकच आकृती हलतेय असं धरून. कुणाकडेच एवढा पैसा आणि माणसं नसतात, त्यामुळे कुठे एक चित्र जास्त वेळ धरून वाचवायचं आणि कुठे हात सैल सोडायचा हे ठरवावं लागतं. ह्या ठरवण्यावरून दिग्दर्शक ओळखावा. स्फोट, पाठलाग, मारामारी ह्यावर सगळेच खर्च करतात. ताकाहाता कुठे खर्च करतो बघा. खाऊच्या गोळ्यांच्या डब्याच्या तळाशी चिकटलेली गोळी काढायला डबा आपटणं. पाठीवर घेतलेल्या पोरीचं वजन घेऊन पळणं. त्या पोरीचं उकिडवं बसणं. असल्या रोजच्या हालचाली आमच्यासाठी सगळ्यात कठीण, कारण ड्रॅगन कसा उडतो हे कुणी पाहिलेलं नसतं, पण चार वर्षांचं मूल कसं बसतं हे प्रत्येकाला माहीत असतं, जरा चुकलं की प्रेक्षकाला लगेच कळतं.

अजून दोन गोष्टी. ह्या सिनेमात आकृतींच्या कडा काळ्या नाहीत, बऱ्याचशा तपकिरी आहेत. तेव्हा सेलवर, म्हणजे आकृती काढायच्या पारदर्शक प्लास्टिकवर, काळी रेघ हीच रीत होती, तपकिरीमुळे माणसं पार्श्वभूमीत मिसळून जातात, चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. आणि जपानमध्ये एरवी आधी चित्रं होतात, मग आवाज. सेत्सुकोचा आवाज एका खरोखरच्या लहान मुलीचा आहे, तिला हलत्या ओठांवर बोलायला लावण्याऐवजी आधी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्यावर चित्रं बेतली. तिचं अडखळणं, श्वास घेणं, रडता रडता थांबणं, सगळं त्या मुलीचं.

आणि हे करून घेणारा ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हता! फ्रेंच साहित्य शिकलेला माणूस. त्याला हवं ते काढून देणारे योशिफुमी कोन्दोसारखे लोक त्याच्याजवळ होते.

गिरगावकर, देखणेपणाबद्दल: तो तलाव आणि ते गवत सुंदर आहे कारण मुलांना ते सुंदर दिसतंय. १९४५ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये गवत हिरवंच होतं. उपासमारीच्या बाजूला निसर्ग असा बेफिकीर टवटवीत राहतो हे मला तरी फार क्रूर वाटलं, गोड नाही.

गिरगावकर

पेन्सिलटोक, माहिती फार छान दिलीत, धन्यवाद. पण मग रानवारांच्या मुद्द्याचं काय झालं? आवाज खऱ्या मुलीचा म्हणजे ती मुलगीसुद्धा रेकॉर्डिंग संपल्यावर घरी जाऊन जेवलीच असणार की!

रानवारा

:) बरोबर पकडलंत. पण आवाजावरून मला ती खरी मुलगी दिसत नाही, सेत्सुकोच दिसते. चेहरा दिसला असता तर दोन मुली झाल्या असत्या, एक कथेतली आणि एक नट. इथे एकच आहे.

आणि ज्याने मूळ कथा लिहिली तो अकियुकी नोसाका, त्याचंही काहीसं असंच म्हणणं होतं. कथा १९६७ ची. त्याची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली, आणि आपण सेइताइतके प्रेमळ नव्हतो, तिच्या वाट्याचंही आपण खाल्लं, हे त्याने नंतर उघड सांगितलं. सिनेमासाठी त्याला पूर्वीही विचारणा झालेली, पण ती जळून गेलेली भूमी उभी करणं आणि आजकालच्या मुलांकडून ते करून घेणं जमणार नाही असं त्याला वाटायचं. ताकाहाताचे स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रं, बघून त्याचं मत बदललं.

ताकाहाताचंही तसंच, ओकायामावर जून १९४५ मध्ये बॉम्ब पडले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, बहिणीबरोबर आगीतून पळाला होता. दोघांना काय दाखवायचंय हे आतून माहीत होतं.

भंडारदऱ्याचा

थोडं विषयांतर. सिनेमात मुलं काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात तो भाग बघताना आमच्या पट्ट्यातले लोक जरा वेगळे बघतात. दरवर्षी मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्याच्या गाड्या येतात, हेडलाइट लावून, आणि काही जण बाटलीत भरून नेतात. सकाळी ते मेलेले असतात. सेत्सुको सकाळी त्यांच्यासाठी खड्डा खणते. ते बघून मी माझ्या पोराला जवळ घेऊन सांगितलं की हे लक्षात ठेव.

गिरगावकर

भंडारदऱ्याचा, तो खड्ड्याचा प्रसंग मात्र जबरदस्त आहे, मान्य करतो. त्याच वेळी ती सांगते की आई मेल्याचं तिला कळलंय. भावाने इतके दिवस लपवलेलं असतं.

शेवंती

मला वेगळाच अनुभव सांगायचाय. मी शिक्षिका आहे. एका उन्हाळी शिबिरात (कुठलं ते राहू द्या) 'मुलांसाठी जपानी सिनेमा' म्हणून हाच लावला होता, कारण पोस्टरवर दोन गोड मुलं. दुसरी-तिसरीतली पोरं. आईला बँडेजमध्ये गुंडाळलेली दाखवतात तिथे दोघी तिघी रडायला लागल्या आणि आयोजकांना कळेना काय करावं, बंद करावा तर मोठी मुलं म्हणताहेत चालू ठेवा.

पण मला जे सांगायचंय ते पुढे आहे. बंद केला नाही, लहानांना दुसऱ्या खोलीत नेलं, आणि सातवी-आठवीची मुलं शेवटपर्यंत बसली. नंतर त्यांच्याशी बोलताना एकाही मुलाने 'खरं असं होतं का' विचारलं नाही. ते म्हणाले की आई गेल्यावर ज्या मावशीकडे राहत होते तिच्याकडून सेइताने निघून जायला नको होतं. एक मुलगी म्हणाली मावशी वाईट होती तर राहणार कसं. अर्धा तास भांडत होती मुलं. एरवी युद्धाच्या धड्यावर मला असा अर्धा तास कधीच मिळत नाही.

तेव्हा वयाचा प्रश्न आहे खरा. आठवीच्या खाली नको असं माझं मत. एक मजा म्हणजे जपानमध्ये १९८८ च्या एप्रिलमध्ये हा आणि ह्याच स्टुडिओचा लहान मुलांचा गोड सिनेमा 'माय नेबर टोटोरो' एकाच तिकिटावर लागले होते! टोटोरो बघायला आलेल्या आयांचं काय झालं असेल विचार करा.

वाटसरू_नाशिक

शेवंतीताई, तुमच्या मुलांनी नेमका मुद्दा पकडला. ताकाहाता स्वतः म्हणायचा की हा युद्धविरोधी सिनेमा नाही. त्याचा रोख सेइतावर होता. मावशीचे टोमणे सहन होत नाहीत म्हणून तो बहिणीला घेऊन गुहेत राहायला जातो, बाहेरच्या माणसांशी संबंध तोडतो, आणि ते दोघांचं छोटंसं राज्य टिकत नाही. बँकेत आईचे पैसे असतात, तो ते उशिरा काढतो. लोक रडण्याच्या नादात हे विसरतात.

पण माझी तक्रार दुसरीच आहे आणि ती मी ठासून मांडतो. ह्या सिनेमात युद्ध आकाशातून पडतं, पावसासारखं. ते कुणी सुरू केलं, जपानी सैन्य तेव्हा चीनमध्ये, कोरियात काय करत होतं ह्याचा पत्ता नाही. सेइताचे वडील नौदलातले अधिकारी, त्यांच्या गणवेशातल्या फोटोकडे मुलगा अभिमानाने बघतो. १९४२ ते १९४५ अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, तिथल्या लोकांनी काय भोगलं हे आपल्याकडे तरी माहीत असायला हवं. चित्र सुंदर, आवाज सुंदर, आणि चौकटीच्या बाहेर काय ठेवलंय ते कुणी विचारत नाही. चित्रांत सगळंच दिग्दर्शकाच्या हातात असतं म्हणता ना, मग जे काढलं नाही त्याची जबाबदारीही त्याचीच.

पेन्सिलटोक

वाटसरू, शेवटचं वाक्य शंभर टक्के. कॅमेऱ्यात चुकून काहीतरी येतं, मागून एखादा सायकलवाला जातो. आमच्याकडे चुकून काही येत नाही. रिकामी जागा पण कुणीतरी रिकामी ठेवलेली असते.

पण अभिमानाबद्दल थोडा असहमत. जपानचं आरमार बुडाल्याचं सेइताला बँकेत कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. तो अभिमान सिनेमा फोडतोच. मावशीच्या घरात बसून 'वडील येतील, सूड घेतील' असं म्हणणारा मुलगा त्या अभिमानामुळेच काम शोधत नाही, मदत मागत नाही.

वाटसरू_नाशिक

हो, तेवढं आहे. पण तो घरच्यापुरता हिशोब झाला.

उत्तरध्रुव

मी कोपनहेगनला राहते, म्हणून मूळ प्रश्नाला इथलं एक उत्तर देते. 'फ्ली' नावाचा डॅनिश सिनेमा, २०२१, दिग्दर्शक योनास पोहेर रासमुसेन. अफगाणिस्तानातून लहानपणी पळालेला, मॉस्कोत अडकलेला, शेवटी डेन्मार्कला पोचलेला एक माणूस आपल्या शाळेतल्या मित्राला पहिल्यांदाच खरी हकीकत सांगतो. मित्र म्हणजे दिग्दर्शकच. त्या माणसाला आपलं नाव, आपला चेहरा उघड करायचा नव्हता, म्हणून तो सिनेमात 'अमीन' आहे आणि रेखाटलेला आहे.

म्हणजे रानवारा, इथे चित्र हा शोभेचा भाग नाहीच, ते नसतं तर तो माणूस बोललाच नसता. चेहरा धूसर करून, आवाज बदलून मुलाखती दाखवतात टीव्हीवर, त्यात माणूस गुन्हेगारासारखा दिसतो. इथे त्याला चेहरा मिळाला, हातवारे मिळाले, लाजणं मिळालं, आणि तरी तो सुरक्षित राहिला. आणि जिथे आठवणी फार भयानक होतात तिथे रंग जातात, चेहरे जातात, नुसत्या कोळशाच्या काळ्या फटकाऱ्यांतल्या पळणाऱ्या आकृत्या उरतात. मला वाटतं आठवण अशीच असते, ज्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटलेली असते त्याचेच तपशील नसतात.

ऑस्करला ह्या एकाच सिनेमाला ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय अशी तिन्ही नामांकनं होती. मिळालं काहीच नाही पण इथे सगळ्यांना आनंद झाला होता.

रानवारा

उत्तरध्रुव, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, फार मोलाचा आहे. ह्यावरून 'पर्सेपोलिस' आठवला, २००७ चा, मार्जान सत्रापी आणि व्हँसाँ पारोनो ह्या दोघांचा. तेहरानमधली मुलगी, क्रांती, युद्ध, परदेश. बहुतेक सगळा काळा-पांढरा, फक्त पॅरिसच्या विमानतळावरचा आजचा भाग रंगीत. सत्रापीने म्हटलंय की खऱ्या नटांना घेऊन केला असता तर बघणाऱ्यांना ती 'तिकडची', दूरदेशची माणसं वाटली असती. साध्या काळ्या रेघांत काढलेली आजी मात्र कुणाचीही आजी होते. मी बघताना ती माझ्या कोल्हापूरच्या आजीसारखीच बोलत होती असं वाटत राहिलं, तीच फटकळ माया.

गिरगावकर

पर्सेपोलिस मलाही आवडला. पण मग 'वॉल्ट्झ विथ बशीर' घ्या. आरी फोल्मन, २००८. १९८२ च्या लेबनॉन युद्धात हा इस्रायली सैनिक होता आणि त्याला काहीच आठवत नाही, म्हणून जुन्या साथीदारांना भेटत सुटतो. सुरुवातीला सव्वीस कुत्रे पिवळ्या आभाळाखाली रस्त्यातून धावत येतात तो प्रसंग विसरणं शक्य नाही. पण शेवट? साब्रा आणि शातिला ह्या बैरुतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांतल्या कत्तलीपाशी आल्यावर ॲनिमेशन संपतं आणि खरं बातम्यांचं चित्रण येतं, रडणाऱ्या बायका, प्रेतं. म्हणजे दिग्दर्शकालाच शेवटी कबूल करावं लागलं की इथे चित्र पुरत नाही. माझा मुद्दा त्याने स्वतःच सिद्ध केला!

उत्तरध्रुव

मला तसं नाही वाटत. ते चित्रण सुरुवातीलाच दाखवलं असतं तर आपण बातम्या बघतो तसं बघितलं असतं, म्हणजे बघितलंच नसतं. दीड तास तो आपल्याला त्याच्या विसरण्याच्या आत ठेवतो. शेवटी झापड निघते. खऱ्या दृश्यांना जोर आला तो आधीच्या चित्रांमुळे.

सांजवेळ

दोन्ही खरं वाटतंय मला. पण एक बोचतं: त्या सिनेमात चेहरा, नाव, आठवण सगळं सैनिकांना आहे, पॅलेस्टिनी माणसांना शेवटची काही सेकंदं. वाटसरूंची चौकटीबाहेरची तक्रार इथेही लागू.

वाटसरू_नाशिक

+१ सांजवेळ.

तैलरंग

'लव्हिंग व्हिन्सेंट'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? २०१७. सुमारे ६५ हजार फ्रेम, प्रत्येक फ्रेम तैलरंगात कॅनव्हासवर, शंभरावर चित्रकार. व्हॅन गॉघची चित्रं हलताना बघायची म्हणजे काय ते डोळ्यांनी बघा. गंभीर ॲनिमेशन म्हणजे हे, बाकी सगळं ह्याच्यापुढे फिकं.

पेन्सिलटोक

तैलरंग, त्या चित्रकारांबद्दल मला अपार आदर आहे, पण सिनेमा म्हणून मी थंड राहिलो. नटांना घेऊन शूट केलेल्या दृश्यांवर रंगवलंय, त्यामुळे हालचाल नटांची आणि कातडी व्हॅन गॉघची. आणि गोष्ट म्हणाल तर एकामागून एक माणसं खुर्चीत बसून माहिती सांगताहेत. मेहनत किती झाली ह्यावरून कला मोजायला लागलो तर आमच्या धंद्यात सगळेच थोर ठरतील.

ह्याच्याजवळ अलेक्सांद्र पेत्रोव्ह ठेवून बघा. 'द ओल्ड मॅन अँड द सी', १९९९, वीसेक मिनिटांचा. काचेवर तैलरंग, बहुतेक बोटांनी, एक चित्र झालं की फोटो घ्यायचा आणि त्याच ओल्या रंगाला सरकवून पुढचं करायचं. आधीचं चित्र कायमचं गेलं. एकोणतीस हजारांवर चित्रं. म्हातारा दमतो तेव्हा समुद्र आणि म्हातारा एकाच रंगात कालवले जातात, ते कॅनव्हासवर स्वतंत्र चित्रं काढून येणार नाही. तंत्र आणि विषय एकमेकांत गेलेत.

किंवा युरी नोर्श्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग', १९७५, दहाच मिनिटं. धुकं कसं केलं माहितेय? दृश्यावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवायचा आणि फ्रेम फ्रेम करत हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलायचा. आज सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर धुकं मिळतं, आणि त्यात कुणी हरवत नाही.

तैलरंग

गोष्ट कमजोर आहे हे मान्य, पण गव्हाच्या शेतावरचे कावळे उडताना बघून मला जे झालं ते झालं. त्यासाठी मी परत बघेन. पेत्रोव्ह शोधतो.

सांजवेळ

इतक्या प्रतिसादांत आपल्याकडचं एकही नाव नाही म्हणून लिहिते. गीतांजली राव. मुंबईची, जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेली. 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात होता आणि तिथे बक्षिसं मिळवून आला. पंधरा मिनिटांचा, एकहाती रंगवलेला. एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि जमवलेल्या काडेपेट्या. घर करडं, आणि काडेपेटीवरच्या चित्रात शिरली की रंग. एकटेपणावर मी पाहिलेली ही सगळ्यात अचूक गोष्ट.

मग 'बॉम्बे रोझ', २०१९, व्हेनिस महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्याने झाली, २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. फुलं विकणारी कमला, काश्मीरहून आलेला सलीम, आणि शर्ली नावाची जुन्या सिनेमातली म्हातारी. ती रस्त्याने चालते तशी आजूबाजूची मुंबई रंगीतची कृष्णधवल होत जाते, जुन्या इमारती परत उभ्या राहतात. वांद्र्याच्या गल्ल्यांत ज्यांचं लहानपण गेलंय त्यांनी तो भाग बघून मला सांगा कसं वाटलं.

आपल्याकडे कलाकार नव्हते असं नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना फ्रेम फ्रेमने टिपलं होतं. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून कार्टून विभाग होता, डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते, राम मोहन तिथूनच तयार झाले. 'एक अनेक और एकता' १९७४ चं, विजया मुळे ह्यांचं, ते तर आपल्या पिढीला पाठ आहे. मग मोठ्यांसाठीचा मराठी ॲनिमेशनपट का नाही? एवढं साहित्य पडलंय.

पेन्सिलटोक

पैसा, सांजवेळ. चांगली पोरं आहेत, रेघेत जीव असलेली. पण बाहेरच्या देशांच्या सीरिजचं काम महिन्याला पगार देतं आणि स्वतःचा सिनेमा चार-पाच वर्षं मागतो. ताकाहाताच्या 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'ला आठ वर्षं लागली. तिथे थांबणारे निर्माते होते.

गिरगावकर

कागुयाचं नाव निघालंच आहे तर सांगतो, ह्या धाग्यामुळे काल रात्री तो पाहिला. २०१३ चा. बांबूत सापडलेली मुलगी, जपानची हजार वर्षांहून जुनी कथा.

आणि आता रानवारांच्या प्रश्नाला माझं उत्तर. फायरफ्लाइजबद्दल माझं मत तेच आहे, मला तिथे अजूनही देखणेपण आडवं येतं. पण कागुयात राजवाड्यातल्या मेजवानीत पुरुष तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात आणि ती पळत सुटते, तो प्रसंग! भरजरी कपडे एकेक करून मागे पडत जातात, आणि तिच्याबरोबर चित्रच फाटत जातं. नाजूक जलरंग जातो, रेघा जाड, वेड्यावाकड्या, कोळशाने ओरबाडल्यासारख्या होतात, शेवटी चेहराही राहत नाही, नुसता वेग आणि संताप. कॅमेऱ्यासमोर नटी कितीही जीव तोडून धावली असती तरी ती धावणारी नटी दिसली असती. इथे राग स्वतः धावतोय. हे कॅमेऱ्याला जमणार नाही, लिहून देतो.

फरक काय, तर फायरफ्लाइज आपण चित्र आहोत हे विसरायला लावू पाहतो आणि कागुया मी रेघ आहे असं सांगतो. मला दुसरं पटतं.

रानवारा

गिरगावकर काका, हे फार सुंदर लिहिलंत. आणि कडेला सोडलेला पांढरा कागद? फ्रेमच्या कोपऱ्यांत रंग संपतो आणि नुसता कागद राहतो. पंचाहत्तरी उलटल्यावर माणूस सगळं भरून टाकायचं नाकारतो.

पण मी फायरफ्लाइज सोडणार नाही. शाळेच्या मैदानात सेत्सुको पाठमोरी उकिडवी बसून रडतेय आणि सेइताला काही सुचत नाही म्हणून तो आडव्या बारवर गोल गोल फिरत राहतो, आठवा. कॅमेरा, म्हणजे जे काही आहे ते, लांबच राहतं. तिचा चेहरा काढलाच नाही. सगळं हातात असलेल्या माणसाने तिथे न काढायचं ठरवलं.

पेन्सिलटोक

तो बारचा शॉट मी शिकवताना दाखवतो.

शेवंती

वाटसरू आणि रानवारा, तुम्हा दोघांसाठी एक सिनेमा सुचवते, मला वाटतं तुमचं दोघांचंही त्यात काहीतरी आहे. 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', २०१६, सुनाओ काताबुची. पैसे मिळेनात म्हणून लोकवर्गणीतून सुरुवात केलेला. सुझू नावाची हिरोशिमाची मुलगी लग्न होऊन कुरे ह्या नौदलाच्या गावी जाते. बरीचशी गोष्ट स्वयंपाक, रेशन, शिवणकाम ह्यात जाते. कमी तांदळात भात कसा फुगवायचा, कुठल्या रानभाज्या चालतात, हे सगळं अगदी हाताने करून दाखवल्यासारखं. १९४५ चा ऑगस्ट जवळ येतोय हे फक्त आपल्याला माहीत असतं.

काताबुचीने काय केलं तर बॉम्बच्या आधी हिरोशिमात जो नाकाजिमा भाग होता तो जुने फोटो आणि तिथे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून पुन्हा काढला. कुठलं दुकान कुठे होतं, दारात काय ठेवलेलं असायचं. तिथे आज शांतता स्मारकाचं उद्यान आहे. म्हणजे रानवारा, तुमच्या पहिल्या प्रश्नात 'खऱ्या जागी कॅमेरा लावून' असं लिहिलंय ना, ती जागाच नाहीये. कॅमेरा लावणार कुठे?

आणि वाटसरू, शरणागतीची घोषणा रेडिओवर होते त्यानंतर गावात एका घरावर कोरियाचा झेंडा वर जाताना दिसतो. काही सेकंदंच. सुझू रागाने, रडत जे बोलते त्यात आपण खात होतो ते धान्य समुद्रापलीकडून यायचं हेही येतं. तुम्हाला पुरेसं वाटेल असं मी म्हणत नाही, पण चौकटीबाहेरचं चौकटीत आणलंय.

वाटसरू_नाशिक

शेवंतीताई, झेंड्याचं माहीत नव्हतं. ह्या शनिवारी बघतो आणि इथेच लिहितो, पुरेसं वाटलं नाही तर तेही लिहीन. सबटायटल्सवालाच बघायचा ना?

शेवंती

हो, मूळ जपानीच. सुझूचं ते हळू, अडखळत बोलणं डबिंगमध्ये जातं.